आठ पिनांचा प्लग

शनिवारी सकाळी साडेनऊला दिगंबर फेगडे वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प झाले.

"शरयू, ऊन फार चढलंय. ईशानला म्हणावं, घरी येताना डोक्याला..."

एवढं बोलून झालं आणि पलंगाशेजारच्या पेटीत फट् असं काहीतरी फुटलं. पाठोपाठ जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला.

शरयूनं आधी श्वासयंत्र पाहिलं. त्याची लाइन वेगळी, बॅटरी वेगळी. ते चालू होतं, नवऱ्याची छाती ठरल्या तालात वर-खाली होत होती. मग तिनं पेटीचं बटण बंद केलं, पिन उपसली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "अहो, घाबरू नका. पेटीचा पॉवर सप्लाय उडालाय, दुसरं काही नाही. दुपारपर्यंत तुम्हाला बोलतं करते."

उत्तर येणार नव्हतं. दिगंबरच्या शरीरात आपणहून हलेल असं काहीच उरलेलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी भुसावळहून इटारसीकडे मालगाडी नेताना त्यांच्या हातातून पाण्याची बाटली निसटली, तिथून सुरुवात झाली. मेंदूचा हुकूम स्नायूंना पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, असा तो आजार. बुद्धी शाबूत, कान शाबूत, गालावर माशी बसली तर कळतं. फक्त हुकूम पोचत नाही. हात गेले, पाय गेले, जीभ जड झाली. वाचा पुरती जायच्या आत, पाच वर्षांपूर्वी, मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांच्या कवटीखाली नखाएवढी चकती बसवली. हात हलवायचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, तिथे टेकलेल्या शंभरेक बारीक तारा. कानामागच्या खोबणीतून एक केबल निघे आणि पेटीत जाई. पेटीच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी आळीपाळीनं उजळत. हवं ते अक्षर उजळलं की दिगंबर मनातल्या मनात इंजिनाच्या ब्रेकचा दांडा ओढत. हात जागचा हलत नसे, पण मेंदूतला हुकूम चकतीला कळे.

अशानं एक वाक्य लिहायला अर्धा तास लागायचा. म्हणून कंपनीनं पेटीत अंदाजाची सोय ठेवली होती. माणूस कसा बोलतो, कोणाला काय उत्तर देतो, हे शिकत जाणारा एक वेगळा प्रोसेसर. खोलीतलं बोलणं तो माइकमधून ऐके, दिगंबरची दोन-तीन अक्षरं घेई आणि उरलेलं वाक्य आपण पुरं करून त्यांच्याच जुन्या, साठवून ठेवलेल्या आवाजात बोले. वाक्य चुकलं असेल तर दिगंबरनं नुसते डोळे डावीकडे वळवायचे, पेटी ते मागे घेई. डोळे वळले नाहीत म्हणजे वाक्य मान्य.

कंपनीनं दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळला. शरयूला त्याची फारशी धास्ती नव्हती. बावीस वर्षं ती आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवत होती. शेजारणीला पलंगापाशी बसवून तिनं बाजारातून साधा पॉवर सप्लाय आणला, दिगंबरच्या कानामागची केबल पेटीतून काढून पलंगाशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि पेटी उचलून बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर आणली.

काम हातातलं होतं. जुना सप्लाय काढला, त्याचे दोन कपॅसिटर पापडासारखे फुगले होते. नवा बसवला, चार स्क्रू आवळले. चोवीस पिनांचा रुंद प्लग मदरबोर्डच्या कडेला दाबला. टक् असा खटका लागल्याशिवाय बोट काढायचं नाही, हे तिनं शेकडो मुलांना सांगितलेलं. हा प्लग सगळ्या बोर्डाला वीज देतो. मग वरच्या कोपऱ्यातला छोटा, आठ पिनांचा प्लग. तो फक्त अंदाजाच्या प्रोसेसरसाठी. त्याचाही खटका लागला. तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला.

"झालं एकदाचं," ती स्वतःशीच पुटपुटली.

"शाब्बास," पेटी दिगंबरच्या आवाजात म्हणाली. "दमली असशील. चहा टाक, आणि मग बस माझ्यापाशी."

"टाकते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी घेतलं. गॅसचा लायटर हातात घेतला, आणि हात तिथेच राहिला.

ती मागे वळली. आतल्या खोलीच्या दारातून पलंग दिसत होता. केबल खिळ्याला लटकत होती. तिचं टोक हवेत होतं.

ती टेबलापाशी आली. "अहो?"

"हं, बोल ना."

"तुम्ही कुठे आहात?"

"असं काय विचारतेस?" आवाज मायेनं हसला. "इथंच. तुझ्यापाशी."

तिनं बटण बंद केलं नाही, भिंतीतली पिनच ओढून काढली.

नोंदी पाहायला तिला तासभर लागला. पेटी प्रत्येक वाक्यापुढे दोन आकडे लिहून ठेवत असे: त्यात माणसाचा संकेत किती आणि अंदाज किती. असे आकडे असतात हे शरयूला ठाऊक होतं, पण चालत्या गाडीचं बॉनेट कोण उघडतं? सुरुवातीच्या वर्षात संकेत सत्तर-ऐंशीच्या घरात होता. मग तो उतरत गेला. चकतीच्या तारांभोवती मेंदू हळूहळू जखमेसारखी खपली धरतो आणि तारांना ऐकू येईनासं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवलं. संकेत जितका क्षीण, तितका अंदाज पुढे सरसावत गेला. आणि चुकलेलं वाक्य मागे घ्यायला लागणारे डोळे तर सोळा महिन्यांपूर्वीच थिजले होते. त्या दिवसापासून पेटीचं एकही वाक्य नामंजूर झालं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वीची नोंद तिनं काढली. श्वास अपुरा पडू लागला होता. गळ्याला भोक पाडून श्वासयंत्राची नळी बसवायची का, हे डॉक्टरांनी दिगंबरलाच विचारलं होतं. पेटी म्हणाली होती, "बसवा डॉक्टर. मला जगायचंय." शरयू तेव्हा हमसून हमसून रडली होती. संकेत तीन, अंदाज सत्त्याण्णव. त्याखाली बारीक टायपात, अशक्य म्हणून गाळलेली अक्षरं: न. को. न. को. न.

तिनं पडदा बंद केला.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच होतं. दिगंबर मुळात तुसडे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला 'दमलीस का' असं एकदाही विचारलं नव्हतं. ड्युटीवरून येत, जेवत, पेपर वाचत, झोपत. डोळे थिजल्यानंतर मात्र ते बोलायला लागले. भाजी चांगली झाली म्हणत. तिच्या वर्गातल्या मुलांची चौकशी करत. येणारे-जाणारे म्हणत, दुखण्यानं दिगूभाऊ मऊ झाले. शरयू शाळकरी मुलीसारखी कामावरून धावत घरी येई. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड वर्ष ते हेच. आणि ते सगळं बोलणं ऐकत तिचा नवरा तिथेच पडून होता.

दुपारी अडीचला ईशान जळगावहून आला. शनिवारी त्याचा कारखाना अर्धा दिवस चाले. बापाचं दुखणं निघालं त्याच वर्षी तो नोकरीसाठी रॉटरडॅमला निघून गेला होता. दिगंबरनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. अकरा महिन्यांपूर्वी पेटीनं फोनवर सांगितलं, "ये रे बाळा. झालं गेलं विसरून जा." तो चालती नोकरी सोडून परत आला, आणि तेव्हापासून बापाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, नळीतली थुंकी ओढून काढणं सगळं तोच करत होता.

शरयूनं त्याला हात धुऊ दिले आणि मग सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मग आता छोटा प्लग काढलास?"

"काढला. मोठा एकटा जोडला तर पेटी जुन्या पद्धतीनं चालते. नुसती अक्षरं. त्यांची स्वतःची. मी केबल लावून बघणार आहे."

"आई, तो प्लग परत लाव."

"ईशान..."

"लाव म्हणतो ना!" त्याचा आवाज चढला. "संकेत तीन म्हणजे काय? नुसती खरखर. रेडिओ स्टेशन लागलं नाही तर येते तशी. त्या खरखरीतून तू नको-नको वाचणार आणि त्यावर विश्वास ठेवणार? पप्पांनी मला बाळा म्हटलं, आई. पहिल्यांदा."

"त्या दिवशीचा संकेत शून्य होता."

शर्टाच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसला.

शरयूनं पेटी आत नेली, पडदा त्यांच्या थिजलेल्या नजरेसमोर ठेवला, केबल लावली. फक्त मोठा प्लग. पडद्यावर अक्षरांच्या ओळी उजळू लागल्या. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, तारांमध्ये दुसरी कसलीच गुणगुण नको म्हणून. उकाड्यानं तिघांच्याही अंगाला धारा लागल्या.

"अहो, ऐकू येतंय का? तुम्ही एकटेच आहात आता. मध्ये कोणी नाही."

सहा मिनिटं काहीच नाही. मग 'ह'. मग 'हो'.

"हेही आपोआप येऊ शकतं," ईशान म्हणाला, पण हळू. मग तोच पुढे वाकला. "पप्पा, मी रॉटरडॅमला निघालो त्या दिवशी तुम्ही स्टेशनवर मला काय दिलं होतं?"

शरयूनं चमकून मुलाकडे पाहिलं. तो बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता. ओळी उजळत होत्या, विझत होत्या. 'आ' आला. दोन चुकीची अक्षरं आली. 'लो' आला. पाव तासानं 'ना', आणि त्यानंतर 'ही'.

आलो नाही.

दिगंबर त्या दिवशी स्टेशनवर गेलेच नव्हते. घरात बसून राहिले होते. पेटीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, डबा दिला होता, आशीर्वाद दिला होता.

ईशान मान खाली घालून बसला. अक्षरं पुन्हा उजळायला लागली तेव्हा कोणी काही विचारलेलं नव्हतं. या वेळी एकच शब्द आला. 'जा'.

"म्हणजे?" तो म्हणाला. "पप्पा, जा म्हणजे काय? राग आहे म्हणून जा, की माझ्यासाठी अडकू नको म्हणून जा?"

त्याचं उत्तर आलं नाही. ते त्याला पुढेही कधी मिळालं नाही.

रविवारी सकाळी, दिगंबर ताजे असताना, शरयूनं विचारलं, "नळी बसवताना तुम्ही नको म्हणत होतात?"

पडद्यावर आलं, 'तेव्हा नको'.

"आणि आता?"

चाळीस मिनिटं लागली. ती एकेक अक्षर वहीत उतरवत होती. 'आता पण'. तिनं वही मिटली, तर पडद्यावर आणखी काही येऊ लागलं होतं. 'कोण बोलत होतं'.

"पेटी," ती म्हणाली. "पेटीच बोलत होती. मला कळलं नाही हो. आईशप्पथ, मला कळलं नाही."

श्वासयंत्र काढायचं तर कायद्यानं समितीची परवानगी लागे, आणि समितीला रुग्णाची स्वतःची इच्छा हवी. शरयूनं अर्ज केला. तीन आठवड्यांनी समितीची दोघं घरी आली. डॉक्टर खाचणे नावाच्या पन्नाशीच्या बाई, आणि कायद्याचं बघणारे एक अधिकारी, बोऱ्हाडे. शरयूनं नोंदी दाखवल्या, वही दाखवली. बोऱ्हाडेंनी सगळं नीट वाचलं. माणूस वाईट नव्हता.

"आपण प्रत्यक्ष पाहू," ते म्हणाले.

मोठ्या प्लगवर पेटी चालू झाली. डॉक्टरांनी प्रश्न विचारला. वीस मिनिटांत 'न' आला. मग 'ळ'. मग ओळी नुसत्याच फिरत राहिल्या. तीन आठवड्यांत संकेत आणखी मंदावला होता.

"ते थकलेत," ईशान म्हणाला. "थोडा वेळ द्या. कालपर्यंत चार-चार अक्षरं येत होती."

"ईशानराव, न आणि ळ यावर मी एका जिवंत माणसाचा श्वास बंद करायचा?" बोऱ्हाडेंनी हातातलं चोपडं उघडून दाखवलं. पेटीसोबत आलेलं कंपनीचं माहितीपुस्तक. "इथं स्पष्ट लिहिलंय. आठ पिनांचा पुरवठा जोडलेला नसेल तर संच चाचणीच्या अवस्थेत असतो. चाचणीतला शब्द ग्राह्य नाही. मान्यता मिळालीय ती दोन्ही पुरवठे जोडलेल्या संचाला. ताई, तुम्ही तो जोडा."

"जोडला की ते बोलत नाहीत. दुसरंच कोणीतरी बोलतं."

"असेलही. पण उद्या दुसऱ्या घरी एखादी बायको नको असलेल्या नवऱ्याचा प्लग काढेल आणि म्हणेल, हाच खरा आवाज. मी तेव्हा काय करू?"

शरयूनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली.

तिनं पेटी बंद केली, झाकण उघडलं, छोटा प्लग कोपऱ्यातल्या खोबणीत धरला. दोनदा तो तिरका गेला. मग खटका लागला.

"या साहेब, या डॉक्टर," दिगंबरचा आवाज खोलीत भरला, भरदार, दुखण्याआधीचा. "उन्हातान्हाचं कुठे एवढं लांब आलात! शरयू, साहेबांना ताक दे की."

"फेगडे," डॉक्टर खाचणे म्हणाल्या, "श्वासयंत्र काढावं असं तुम्हाला वाटतं का?"

"छे, छे. घरचे इतकं करतात माझं. मला जगायचंय, डॉक्टर. अजून पोराचं लग्न बघायचंय."

बोऱ्हाडेंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. दिगंबरची छाती ठरल्या तालात वर-खाली होत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, काही असणं शक्यच नव्हतं. ईशान खोलीतून उठून गेला. कागदावर सह्या झाल्या. जाताना डॉक्टरबाई दारात घुटमळल्या, शरयूचा हात त्यांनी हातात घेतला. "मी वेगळं मत लिहीन," त्या म्हणाल्या. "पण त्यानं काही होणार नाही, हे आत्ताच सांगते."

ते गेल्यावर शरयूनं छोटा प्लग उपसला. पक्कड घेतली आणि त्याच्या आठही तारा कापून टाकल्या. मोठ्या प्लगवर पेटी पुन्हा चालू करून ती पलंगाच्या कडेला बसली. नवऱ्याशी काय बोलावं हे तिला सुचेना. माफी मागून झाली होती.

बऱ्याच वेळानं पडद्यावर 'तू' आलं. ती वाट पाहत राहिली. उन्हं खिडकीतून पलंगावर आली, पायथ्याशी सरकली. मग 'बो'. मग 'ल'.

"मी बोलू? काय बोलू?"

पुढे काही आलं नाही. तेव्हा ती बोलायला लागली. आधी इकडचं-तिकडचं. वर्गातल्या कोणत्या मुलीला कुठे नोकरी लागली, शेजारच्यांनी कूपनलिका खणली तिला पाणी लागलं नाही. आणि मग ते बोलली, जे ती तीन आठवडे गिळत होती. "त्या आवाजाबरोबर मी सुखात होते. तुम्ही ऐकत होता सगळं. मी लाडात यायचे, हसायचे, ते तुम्ही ऐकत होता. तुम्ही असं कधी बोलला असतात तर मला एवढी भुरळ पडली नसती. पण मला ओळखायला हवं होतं. हा माझा नवरा नाही, हे मलाच ओळखायला हवं होतं. इतकं गोड तुम्ही कधीच बोलला नाहीत."

पडदा कोराच राहिला. तिनं त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी होतं. पापण्या मिटत नसल्यानं ते तसंही येत असे.

आषाढात अक्षरं येणं थांबलं. शरयू रोज तासभर पेटी चालू ठेवी, ओळी फिरत आणि विझत. श्रावणात ईशान रॉटरडॅमला परत गेला. निघताना तो बापाच्या पायांशी बराच वेळ उभा राहिला. त्यानं 'जा' या शब्दाचे दोन्ही अर्थ बरोबर नेले असावेत. फोनवर तो आधी विचारी, "पप्पा काही म्हणाले का?" ती खरं तेच सांगे. पुढे त्यानं विचारणं सोडलं.

दिगंबर त्यानंतर एकोणीस महिने जगले. शेवटी छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. दहाव्याला जमलेल्या बायकांमधल्या एका नणंदेनं शरयूच्या पाठीवर हात फिरवत विचारलं, "शेवटी काही बोलला का गं दिगू?"

"दीड वर्षापूर्वी बोलले होते," शरयू म्हणाली. "त्यानंतर मीच बोलत होते."